भरून दिलेली कॅसेट म्हणजे प्रेमपत्र का?

प्रश्न : आईच्या कपाटात साड्यांखाली ९० मिनिटांची एक जुनी कॅसेट सापडली. आतल्या कागदावर निळ्या बॉलपेनने गाण्यांची यादी आहे. अक्षर मोत्यासारखं, आणि ते बाबांचं नक्कीच नाही. आईला विचारलं तर हसली आणि ‘ठेव होती तिथे’ एवढंच म्हणाली. त्या काळी गाणी भरून कॅसेट देणं म्हणजे प्रेमाची कबुली असायची का? आणि आता ती ऐकता येईल का?
— एक वाचक, चेंढरे, अलिबाग

उत्तर : असायची, पण दरवेळी नाही. कॅसेट मामेभाऊही भरून द्यायचा. लग्न होऊन गाव सोडणाऱ्या मैत्रिणीला दिली जायची, आखातात नोकरीला निघालेल्या भावाच्या सामानात तर मराठी गाण्यांची एक असायचीच. तेव्हा नुसत्या कॅसेटवरून आईवर आरोपपत्र ठेवता येणार नाही. मात्र तुमचा संशय अगदीच निराधार आहे असंही म्हणवत नाही.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट पहिल्यांदा मांडली. लू ऑटेन्स हे तिच्यामागचे अभियंते. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने घरोघरी पोचली ती ऐंशीच्या दशकात, टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटी आणि टू-इन-वन आल्यावर. त्याआधी गाणं विकत घ्यायचं म्हणजे तबकडी, आणि तबकडीवर कंपनीने जे दिलं ते. रेडिओवर फर्माईश करता यायची, पण तिथे नाव सगळ्या मुलखासमोर वाचलं जायचं. आपल्या पसंतीची गाणी आपल्या क्रमाने लावून एकाच माणसाच्या हातात ठेवायची सोय साध्यासुध्या माणसाला मिळाली ती कॅसेटमुळे.

आणि ती फुकट मिळत नव्हती. पैशांचं म्हणत नाही मी, वेळाचं म्हणतो. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. जुनं सिनेगीत साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं, म्हणजे एका बाजूला बारा-तेरा गाणी. ती भरायला ४५ मिनिटंच लागत, घाई करून भागत नसे. रेडिओवरून घ्यायची तर ‘आपली आवड’ लावून रेकॉर्ड आणि प्ले या दोन बटणांवर बोटं ठेवून बसायचं, निवेदकाचं वाक्य संपताक्षणी दाबायचं. सुरुवातीची कोरी पट्टी पेन्सिलीने पुढे फिरवून घ्यायची, नाहीतर पहिला शब्दच गायब. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून भरायची तर पंखा बंद, दार बंद, आणि घरातल्यांना ‘कुकर नंतर लावा’ अशी विनवणी. पावसाळ्यात मध्येच वीज गेली की आवाज घोगरा होत बसायचा आणि सगळं पहिल्यापासून. बाजू संपायला दोन मिनिटं उरलेली असताना तेवढंच गाणं शोधणं ही वेगळीच कटकट. तिथे अर्धवट गाणं सोडणाऱ्याच्या प्रेमावर मी तरी फार भरवसा ठेवला नसता.

पण माझ्या मते कॅसेटचं खरं बळ तिच्या साळसूदपणात होतं. अलिबागसारख्या गावात, जिथे एसटी स्टँडवर कोण कुणाशी बोललं हे घरी पोचण्याआधी घरी पोचलेलं असायचं, तिथे चिठ्ठी सापडणं म्हणजे कॉलेज बंद होण्याचा प्रसंग. कॅसेट सापडली तर? गाणीच आहेत! मैत्रिणीने दिलीत. बोल कवीचे, आवाज गायकाचा, देणाऱ्याने एक शब्दही स्वतःचा काढलेला नाही. हुशार मंडळी पहिलं गाणं भीमसेन जोशींच्या अभंगवाणीतलं टाकत. वडिलांनी तपासायला लावली तर पहिल्या पाच मिनिटांतच समाधान पावून उठतील, हा हिशेब.

त्यात आपल्या सिनेगीताला प्रसंग आधीच जोडलेला असतो. हे गाणं नायक कुणासाठी म्हणतो, रुसवा आहे की विरह, हे ऐकणारीला ठाऊक असतं. भावगीतांचंही तेच. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते-सुधा मल्होत्रा यांचे स्वर असलेलं ‘शुक्रतारा’ हे द्वंद्वगीत यादीत आलं, तर दोघांनी म्हणायचं गाणं मुद्दाम का निवडलं, हा प्रश्न तिला पडल्याशिवाय राहत नसे. एकाच कॅसेटवर अशी चार-पाच द्वंद्वगीतं असतील, तर माझा कौल तुमच्या संशयाच्या बाजूने.

हे वेड केवळ आपलं नव्हे. निक हॉर्नबी यांच्या ‘हाय फिडेलिटी’ (१९९५) या इंग्रजी कादंबरीचा नायक कॅसेटमधल्या गाण्यांच्या क्रमाचे नियम सांगतो. अमेरिकी लेखक रॉब शेफिल्ड यांनी तर दिवंगत पत्नीची आठवण अशा कॅसेटींच्या आधारे लिहून त्याचं पुस्तक केलं. तिकडच्या तरुणाला सहसा कुणी न ऐकलेलं गाणं शोधून आपली अभिरुची दाखवायची असे. आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं चाले.

आता अक्षराचं. ते बाबांचं नाही एवढ्यावरून फार पुढे जाऊ नका. त्या काळी गावोगावच्या कॅसेटच्या दुकानांत ‘गाणी भरून मिळतील’ अशी सोय होती. गिऱ्हाईक यादी द्यायचं, दुकानदार गाणी भरून यादी पुन्हा आपल्या अक्षरात कागदावर उतरवायचा. तुमच्याकडचं मोत्यासारखं अक्षर एखाद्या दुकानदाराचं असू शकतं आणि निवड बाबांची. दुसरी खूण पाहा : टेप दिसते त्याच्या विरुद्ध कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या तोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. तुटलेल्या असतील, तर ती कधी पुसली जाऊ नये असं कुणाला तरी वाटत होतं. तिथे चिकटपट्टी लावलेली दिसली, तर मात्र पुढे त्यावर दुसरं काही भरलं गेलंय. कदाचित तुमचीच बडबडगीतं.

ऐकता येईल का? बहुधा येईल. टेपवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि आवाज त्यात चुंबकत्वाच्या रूपाने राहतो. चुंबकत्व अलिबागकरांना नवं नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये तुमच्याच किनाऱ्यावर आणली गेली. पृथ्वीचं क्षीण चुंबकत्व कॅसेट पुसत नाही, मोठ्या स्पीकरजवळ मात्र ती ठेवू नका. खरा शत्रू तुमची दमट हवा. टेपच्या गुंडाळीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, जाणकाराकडे न्या. आत टेपच्या मागे स्पंजासारखी छोटी गादी असते, ती गळून पडलेली नाही ना, पाहा. सगळं ठीक असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा विरघळलेला असतो, तो बदला, आणि हेड साफ करून घ्या. इअरफोनच्या भोकातून संगणकाला वायर जोडून पहिल्याच वेळी नक्कल उतरवून ठेवा, कारण दुसरी वेळ मिळेलच असं नाही.

हे सगळं आईची परवानगी मिळाल्यावर. ती ‘ठेव’ म्हणाली असेल तर तूर्त तरी ठेवा.