क्लास लावण्याआधी शासन निर्णय वाचा

बारावीनंतर सरकारी नोकरीचं मनात घेतलेल्या मुलांना ठरलेला सल्ला मिळतो: बीए कर आणि क्लास लाव. मग क्लास जोरात आणि बीए नावापुरतं. यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन घेतलं म्हणून एक गुणही वाढत नाही. तरी हे विषय घ्या असं मी सांगतो, कारण सरकार कागदावर कसं चालतं ते सावकाश पाहायला एवढी वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात संविधान, स्थानिक स्वराज्य संस्था आणि सार्वजनिक वित्त हवंच. मायनर अर्थशास्त्र ठेवा. आकड्यांना घाबरणारा अधिकारी हाताखालच्या लेखापालाच्या ओंजळीनं पाणी पितो.

पहिल्या वर्षापासून आठवड्याला एक शासन निर्णय (जीआर) वाचा. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ते विभागवार मिळतात. सुरुवात निर्णयाच्या वरच्या भागात दिलेल्या जुन्या संदर्भांपासून करा. नवा जीआर बऱ्याचदा जुन्यातली अडचण सोडवायलाच निघालेला असतो. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकलाय ते शोधा. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ येते आणि खाली सही उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. असं का, हे संविधानाच्या कलम १६६ मध्ये पाहा. त्याखालची 'प्रत' पाठवायची यादी मुलं सोडून देतात. मला तीच सगळ्यांत बोलकी वाटते. निर्णय राबवायचा कुणी आणि हिशेब तपासायचा कुणी, ते तिथं ओळीनं लिहिलेलं असतं. वाचून झालं की तोच जीआर दीडशे शब्दांत, आपल्या मराठीत उतरवा.

ग्रामसभा चुकवू नका. ७३व्या घटनादुरुस्तीचे २९ विषय पाठ असून भागत नाही. गावाला रस्ता हवा असतो आणि ग्रामपंचायत अधिकारी सांगतो, निधी बंधित आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, त्यामुळे त्या काळात रस्त्याची भांडणं उरलेल्या ४० टक्क्यांत होती. गावाचा विकास आराखडा मागून घ्या आणि सभेतली मागणी त्यात कुठं बसली ते ताडून पाहा. शहरातल्यांनी महापालिकेचं अंदाजपत्रक घेऊन आपल्या प्रभागाच्या कामांपुढचे आकडे शोधावेत. नव्या शैक्षणिक धोरणातला फील्ड प्रोजेक्ट पंचायत समितीतच करा. प्राचार्यांचं पत्र घेऊन गटविकास अधिकाऱ्यांना भेटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

यूपीएससीच्या वैकल्पिक विषयाचा निर्णय शेवटच्या वर्षी. लोकप्रशासन की राज्यशास्त्र, हे मित्रांना विचारून ठरवू नका. दोन्हींची एकेक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतले १७५० गुण लेखी आहेत, त्यातले ५०० या एका विषयाचे. मुलाखत २७५ गुणांची. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झालीय. हात लिहिता हवा.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना यूपीएससीची पूर्वपरीक्षा देता येते, पण वयाची किमान २१ वर्षं पूर्ण हवीत. खुल्या प्रवर्गाला सहाच संधी, म्हणून 'अनुभवासाठी' एक उडवू नका. किती वर्षं द्यायची आणि नंतर काय करायचं, हे पहिल्या प्रयत्नाआधी घरच्यांशी बोलून ठेवा.

परीक्षांसाठी लागणारे अधिवास, जात, नॉन-क्रीमीलेअर हे दाखले दलालाकडून काढू नका. स्वतः अर्ज करा, पोचपावतीवरची तारीख जपा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलीय. ती टळली तर प्रथम अपील करा. अपिलाचा मसुदाही स्वतःच लिहा.