दोन वर्षांच्या बाळाचे ताट

आळवी नगरीतील कथा आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, उपाशीपोटी धम्म ऐकण्यास आला. भगवान बुद्धांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले व मगच धम्मदेसना दिली. भुकेल्याला उपदेश पचत नाही, हा त्यातील बोध.

आपण मुलांच्या वह्या, शिकवणी, शिष्यवृत्ती यांची काळजी घेतो, ते योग्यच आहे. परंतु ज्या मेंदूने शिकायचे तो पहिल्या तीन वर्षांतच झपाट्याने वाढतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. म्हणजे तिनांतील दोन! ही सर्व मुले उपाशी होती असे नव्हे. पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे.

सकाळी बशीत चहा ओतून त्यात बिस्कीट बुडवून बाळाला भरवणे, हे दृश्य घरोघरी दिसते. बिस्किटात मुख्यतः मैदा व साखर. चहा तर अन्नातील लोह शरीराला मिळू देत नाही. शिवाय भूक मरते ती वेगळीच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलास रोज 8 मिलिग्रॅम लोह व 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते कोठून मिळेल?

कॅल्शियम : पाव लिटर गाईच्या दुधातून सुमारे 300 मिलिग्रॅम, मूठभर नाचणीच्या पिठातून सुमारे 100. उरलेले पालेभाजी, तीळ, जवळा यांतून.

लोह : दुधात जवळजवळ नसतेच. म्हणून केवळ दुधावर वाढणारे मूल गुटगुटीत दिसले तरी फिकट राहते. मटण, कलेजी, मासळी यांतील लोह चांगले अंगी लागते. बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतील कमी लागते. पण वर लिंबू पिळल्यास ते वाढते.

प्रथिने : अंडे उत्तम. डाळ-भात एकत्र दिल्याने एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मात्र वरणाचे नुसते पाणी नको, घट्ट डाळ द्यावी.

'अ' जीवनसत्त्व : शेवग्याचा पाला, गाजर, पपई, अंड्याचा बलक. भाजीत थोडे तेल हवे.

सुकट-जवळा चांगला धुऊन खारटपणा काढावा. शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात, कूट द्यावे. बाळाचे पोट लहान, म्हणून दिवसातून तीन-चार जेवणे व मध्ये एक-दोनदा खाऊ द्यावा. दोन वर्षांपर्यंत, शक्य तर पुढेही, अंगावरचे दूध चालू ठेवावे. अंगणवाडीतून तीन वर्षांखालील मुलांसाठी घरी नेण्याचा आहार मिळतो. तो बाळाच्याच मुखी जावा. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस व लोहाचे औषध आरोग्य सेविकेकडे मागून घ्यावे.

शेवटी एक सूचना. विहारात वंदनेनंतर आपण लहान मुलांच्या हाती बिस्किटाचा पुडा देतो. त्याऐवजी केळे किंवा उकडलेले अंडे दिले तर? खर्चात थोडा फरक पडेल. मुलांच्या वाढीत मोठा. आळवीच्या शेतकऱ्याची कथा सांगणाऱ्या समाजाने एवढे अवश्य करावे.

जयभीम!