कोकम सरबताचे कार्बोनेशन व दाबाच्या पिंपातील साठवण

कोकणात कोकमाची फळे एप्रिल ते जून या काळात काढणीस येतात. पावसात सापडलेली फळे लवकर नासतात, म्हणून सालींपासून अमृत कोकम करून ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. या अमृत कोकमापासून सोड्यासारखे फसफसणारे पेय तयार केल्यास त्याला उन्हाळ्यात चांगली मागणी येऊ शकते. त्यासाठी १९ लिटरचे स्टेनलेस स्टीलचे पिंप उपयोगी पडते. अमेरिकेत ही पिंपे मुळात शीतपेयांच्या पाकासाठी बनविली गेली. पुढे घरगुती बिअर करणाऱ्यांनी ती वापरात आणली.

तत्त्व

कार्बन डायऑक्साइड वायू थंड पाण्यात जास्त विरघळतो. हवेच्या सामान्य दाबाखाली १ लिटर पाण्यात ०° से. तापमानास सुमारे १.७ लिटर, १५° से. ला १ लिटर, तर ३०° से. ला केवळ ०.६६ लिटर वायू मावतो. चांगल्या फसफशीसाठी १ लिटर पेयात ३ लिटर वायू हवा. त्यासाठी गेजवर लागणारा दाब असा :

४° से. : सुमारे १.२ किलो प्रति चौ. सें.मी.
३०° से. : सुमारे ३.४ किलो प्रति चौ. सें.मी.

म्हणून पेय आधी थंड करावे, मगच पूर्ण दाब द्यावा.

कृती

१) पिंप, झाकण व नळ्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवून उकळत्या पाण्याने विसळाव्यात.

२) एक भाग अमृत कोकमात पाच भाग पाणी मिसळावे. जिरेपूड किंवा सालीचे कण राहिल्यास फेस फार येतो व तोटी तुंबते; म्हणून सरबत मलमलच्या कापडातून गाळावे.

३) सरबत ८५° से. पर्यंत तापवून ५ मिनिटे ठेवावे. ही पायरी गाळू नये. दाबातला वायू यीस्टला मारत नाही. बिअर करणारे पिंपात साखर घालून यीस्टकडूनच वायू तयार करवतात. आपल्या सरबतात तेच घडले तर दाब आपोआप वाढत जातो व पेय आंबते.

४) गरम सरबत १६ लिटरपर्यंतच भरावे. झाकण लावून थोडा गॅस सोडावा व सुटका व्हॉल्व्ह उघडून आतली हवा घालवावी. असे तीन वेळा करावे. हवा राहिल्यास कोकमाचा लाल रंग फिका पडतो. नंतर ०.५ किलो दाब ठेवून पिंप थंड करावे. दाब नसेल तर आत पोकळी होऊन झाकण सैल पडते.

५) सरबत ४° से. ला आल्यावर दाब १.२ किलोवर ठेवावा. जोडणी तशीच ठेवल्यास सुमारे आठवड्यात पेय तयार होते. पिंप आडवे करून हलविल्यास काम लवकर होते. गॅस शिरण्याचा आवाज थांबला म्हणजे पेय तृप्त झाले असे समजावे. १६ लिटरला सुमारे १०० ग्रॅम गॅस विरघळतो.

साठवण व दक्षता

तयार पिंप थंडच ठेवावे. ४° से. ला भरलेले पिंप ३०° से. च्या खोलीत राहिले, तर आतला दाब १.२ वरून ३.४ किलोकडे चढतो. म्हणून हे पेय साध्या काचेच्या बाटल्यांत किंवा दुधाच्या कॅनमध्ये कधीही भरू नये. फुटून इजा होते.

सिलिंडरमधील दाब ३०° से. ला ७० किलोपेक्षा जास्त असतो. रेग्युलेटरशिवाय तो पिंपाला जोडू नये. पिंपावर कोरलेला कमाल दाब वाचावा व सुटका व्हॉल्व्ह दर वेळी तपासावा. सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. सिलिंडर उभा बांधून ठेवावा. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो व गुदमरवतो. म्हणून खोली हवेशीर असावी. गॅस खाद्य दर्जाचाच घ्यावा. किती शिल्लक आहे हे सिलिंडर वजन करूनच कळते, गेजवरून नव्हे.

विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा. सुरुवातीला एकच पिंप करावे व त्याचे तापमान, दाब आणि दिवस वहीत लिहून ठेवावेत. त्या नोंदीवरून पुढच्या पिंपांची चव एकसारखी राखता येईल.