मांडीमागची शीर

मंडळी, आपण चालतो, वाकतो, ओझे उचलतो. चिखलात वाकून भात लावतो. या सगळ्या कामांत मांडीची मागची बाजू राबत असते. पण तिच्याकडे आपण कधी बघत नाही. ती दुखली म्हणजेच तिची आठवण होते. या धड्यात आपण तिची माहिती करून घेऊ या.

ही शीर असते कुठे?

आधी एक करून पाहा. खाटेच्या किंवा बाकाच्या कडेवर बसा. एक हात मांडीखाली घाला. आता टाच जमिनीवर रोवून पाय मागे ओढायचा जोर करा. मांडीखाली काहीतरी कडक झालेले हाताला लागेल. गुडघ्याच्या मागे दोन्ही बाजूंना दोऱ्याही लागतील.

आपण म्हणतो, "शीर ताणली." पण ही रक्ताची शीर नव्हे. हा स्नायू आहे. स्नायू म्हणजे ओढण्याचे काम करणारा मांसाचा पट्टा. मांडीच्या मागे असे तीन स्नायू आहेत. त्यांचे वरचे टोक आपण ज्या हाडावर बसतो त्या हाडाला जोडलेले असते. खालचे टोक गुडघा ओलांडून पायाच्या हाडांना जोडलेले असते. डॉक्टर आणि खेळाडू या तिन्हींना मिळून 'हॅमस्ट्रिंग' म्हणतात.

या स्नायूंची कामे तीन. पहिले, गुडघा दुमडणे. दुसरे, मांडी मागे रेटणे. तिसरे काम लगामाचे आहे, आणि तेच सर्वांत कठीण. गाडी उतारावर आली म्हणजे बैल काय करतो? गाडी सुटू नये म्हणून तो मागे रेटून धरतो. जोरात धावताना आपला पाय पुढे फेकला जातो. त्या वेळी हे स्नायू त्या पायाला असेच मागून धरून ठेवतात. म्हणजे एकीकडे ते लांब ताणले जातात आणि त्याच वेळी जोरही लावतात. म्हणून बहुतेक वेळा ते भरधाव धावतानाच फाटतात.

विलेपार्ल्यातली एक सकाळ

विलेपार्ले हे मुंबईचे उपनगर. पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझ आणि अंधेरी यांच्या मधले स्टेशन. स्टेशनच्या पश्चिमेला जुहूचा समुद्र आहे. सकाळी तिथे माणसे चालायला आणि धावायला येतात. गावाकडची मुलेही मुंबईत नातेवाइकांकडे राहतात, कामधंदा बघतात आणि पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर. शिवाय गोळाफेक असते.

समजा, असाच एक मुलगा पार्ल्यात आपल्या काकांकडे राहतो. भरतीला तीन आठवडे उरले आहेत. एके दिवशी त्याला उठायला उशीर झाला. अंग न तापवताच त्याने १०० मीटरची जोरदार धाव घेतली. साठ-सत्तर मीटर गेला आणि एकदम थांबला. मांडी धरून लंगडू लागला.

"काका, मागून कुणी दगड मारला का हो?"

"दगड कुठला? शीर चढली असेल. बस खाली, तेल लावून चोळून देतो. उद्या पळशील."

काकांची माया खरी. पण सल्ला बरोबर नाही. का, ते पाहू.

आत काय होते?

स्नायू हा सुताच्या दोरासारखा असतो. त्यात बारीक बारीक असंख्य धागे असतात. फार ताण बसला की त्यांतले काही तुटतात. त्या जागी आतल्या आत रक्त झिरपते. म्हणून दोन-तीन दिवसांनी कातडीवर काळेनिळे डाग दिसतात. कधी डाग गुडघ्याच्या मागे उतरतो. रक्त खाली झिरपते म्हणून असे होते. त्याला घाबरू नये.

दुखापत तीन प्रकारची असते.

हलकी: थोडे धागे तुटतात. माणूस चालू शकतो, पण पळताना कळ येते. बरे व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात.

मध्यम: बरेच धागे तुटतात. माणूस लंगडतो. गुडघा दुमडायला जोर लागत नाही. साधारण चार ते आठ आठवडे लागतात.

भारी: स्नायू पुरता तुटतो किंवा हाडापासून सुटतो. पायावर भार देववत नाही. तीन महिने किंवा जास्त लागतात. कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

पहिले तीन दिवस

तुटलेल्या जागी रक्त झिरपत असताना जोरात चोळले तर ते आणखी झिरपते. शेकले तरी तेच. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका, दारू पिऊ नका. "ताणून मोकळी करू" म्हणून पाय खेचू नका. फाटलेले धोतर ओढले तर आणखी फाटते, तसेच हे आहे.

मग करायचे काय?

धावणे तिथेच थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून दुखऱ्या जागी पंधरा ते वीस मिनिटे धरा. दिवसा दोन-तीन तासांनी पुन्हा धरा. बर्फ उघडा कातडीवर ठेवू नका, कातडी भाजल्यासारखी होते. बर्फ नसेल तर माठाच्या गार पाण्यात भिजवलेले फडके चालेल. मांडीला क्रेप पट्टी बांधा. ती बेताची घट्ट असावी. पाय बधिर झाला किंवा बोटे निळी पडली तर लगेच सोडा. आडवे व्हाल तेव्हा पायाखाली उशी घ्या. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पण महिनाभर खाटेवर पडून राहणेही बरे नव्हे. दोन-तीन दिवसांनी, दुखणार नाही इतपत पाय हलवू लागा. नाहीतर चांगले धागेही दुबळे होतात.

दुखणे थांबले, पण काम बाकी आहे

आता या धड्यातली मुख्य गोष्ट ऐका. आठ-दहा दिवसांत दुखणे कमी होते. माणूस म्हणतो, "झालो बरा!" आणि पळायला जातो. तिथेच घात होतो. दुखणे थांबले तरी तुटलेली जागा अजून कच्ची असते. कच्च्या भिंतीवर कौले चढवावीत तसे होते. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याची भीती मोठी असते.

एक खरे उदाहरण घेऊ. क्रिकेटपटू रोहित शर्मा तुम्हाला ठाऊक असेल. तो पार्ल्याच्या पुढे, याच रेल्वेवर असलेल्या बोरिवलीत वाढला. ऑक्टोबर २०२० मध्ये दुबईत आयपीएलचे सामने चालू असताना त्याचा मांडीमागचा स्नायू दुखावला. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा खेळला. १० नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात त्याने ६८ धावाही काढल्या. पण तेवढ्याने काम संपले नव्हते. तो बंगळूरच्या क्रिकेट अकादमीत गेला. तिथे त्याने स्नायू बळकट करण्याचे व्यायाम केले. डिसेंबरात त्याची तपासणी झाली. मगच तो ऑस्ट्रेलियाला गेला. पहिल्या दोन कसोट्या हुकल्या. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या तिसऱ्या कसोटीत तो उतरला.

पुढे ८ डिसेंबर २०२१ ला त्याला भारताच्या एकदिवसीय संघाचा कर्णधार नेमले. कसोटी संघाचा उपकर्णधारही केले. संघ दक्षिण आफ्रिकेला निघायचा होता. त्याआधी मुंबईत सराव करताना डाव्या मांडीमागचा स्नायू दुखावला. हा सामना नव्हता, नुसता सराव होता. कर्णधार झाल्याला आठवडाही झाला नव्हता. तरी तो दौऱ्यावर गेला नाही. तो पुन्हा बंगळूरला गेला आणि पाय बळकट करत बसला. ६ फेब्रुवारी २०२२ ला अहमदाबादला तो संघ घेऊन उतरला. तो भारताचा १०००वा एकदिवसीय सामना होता. रोहितने ६० धावा काढल्या आणि भारत जिंकला.

हिशेब करा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सात-आठ आठवडे झाले. त्याच्याजवळ उत्तम डॉक्टर होते, व्यायाम शिकवणारे होते. तरी शरीराने आपला वेळ घेतलाच. पैशाने तो विकत मिळत नाही.

पायरी पायरीने वर या

आता पायऱ्या सांगतो. एक पायरी विनाकळ जमली की मगच पुढची. व्यायाम करताना किंचित ताण वाटला तर चालेल. कळ आली, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखले, तर एक पायरी खाली या. दुखापत मध्यम किंवा भारी असेल तर डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करा.

पहिली पायरी, चालणे. लहान पावले टाका. लंगडणे पुरते जाईपर्यंत वेग वाढवू नका.

दुसरी पायरी, टाच रोवणे. उताणे झोपा. दुखरा गुडघा थोडा वाकवा. टाच जमिनीत हलकेच रोवा आणि पाच अंक मोजा. सोडा. असे दहा वेळा करा.

तिसरी पायरी, पूल. उताणे झोपून दोन्ही गुडघे वाकवा. पावले जमिनीवर टेका. कंबर वर उचला, पाच अंक मोजा, हळू खाली आणा. हे सहज जमले की पुढे एकाच पायावर करा. चांगल्या पायावर जितके वेळा जमते तितके दुखऱ्या पायावर जमले पाहिजे. आपला चांगला पाय हेच आपले माप.

चौथी पायरी, संथ धावणे. सपाट जमीन निवडा. जुहूच्या मऊ वाळूत किंवा नांगरलेल्या रानात नको, तिथे पाय रुततो. थोडे धावा, थोडे चाला.

पाचवी पायरी, वेग. आधी निम्मा, मग पाऊण, मग पुरा. जोरात धावल्यावर मध्ये एक दिवस सोडा.

काहीजण म्हणतील, "आमचे पोट रोजंदारीवर. आठ आठवडे घरी बसून कसे भागेल?" त्यांचे म्हणणे खरे आहे. घरी बसाच असे आम्ही म्हणत नाही. लंगडणे गेले की पायाला झेपेल असे काम करता येते. बसून करायचे काम मागून घ्या. शिडी चढणे, जड ओझे उचलणे, गुडघे ताठ ठेवून वाकणे, सुटणारी लोकल पकडायला धावणे, एवढे मात्र काही दिवस टाळा.

आणि भरतीचा मुलगा? तीन आठवड्यांत त्याची दुखापत हलकी निघाली आणि पाचवी पायरी विनाकळ पार पडली, तर त्याने डॉक्टरांना विचारून खुशाल धावावे. ती पार पडली नाही, तर मन घट्ट करून थांबावे. भरती पुन्हा निघते. स्नायू पुरता तुटला तर पुढची भरतीही हुकेल. घरच्यांनी त्याला टोचून बोलू नये.

पुन्हा फाटू नये म्हणून

धावण्याआधी दहा मिनिटे अंग तापवा. आधी चाला, मग संथ धावा, मग वेग घ्या. कित्येक महिन्यांनी धावणार असाल तर पहिल्याच दिवशी भरधाव सुटू नका.

स्नायू बळकट करणारा आणखी एक व्यायाम आहे. गुडघे टेकून ताठ उभे राहा. जोडीदाराने मागून घोटे घट्ट दाबून धरावेत. मग कंबर न मोडता हळूहळू पुढे झुका. झेपेनासे झाले की हात टेका. डेन्मार्कमध्ये फुटबॉलच्या ५० संघांवर याचा प्रयोग झाला. निम्म्या संघांनी दहा आठवडे हा व्यायाम केला, बाकीच्यांनी केला नाही. व्यायाम न करणाऱ्यांत ५२ वेळा हा स्नायू दुखावला. करणाऱ्यांत १५ वेळा. हा अभ्यास २०११ साली छापला गेला. मात्र हा व्यायाम भारी आहे. दुखापत ताजी असताना तो करू नये. चांगल्या पायांनीही थोड्यापासून सुरू करावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

फटकन आवाज आला आणि पायावर उभे राहवत नाही. मांडीत खड्डा लागतो. मांडीभर काळेनिळे झाले आहे. पोटरी सुजून गरम झाली आहे. कंबरेतून कळ निघून पायाला मुंग्या येतात. आठवडा झाला तरी लंगडणे जात नाही. यांतले काहीही असले तर घरी उपाय करत बसू नका. गावी असाल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पार्ल्यात पश्चिमेला महापालिकेचे कूपर रुग्णालय आहे. श्वास लागू लागला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर एक तासही न दवडता मोठे रुग्णालय गाठा.

शेतकरी पेरल्यावर रोज माती उकरून बघत नाही. तो पाणी घालतो, राखण करतो आणि दिवस मोजतो. स्नायूचेही तसेच आहे. रोजचा थोडा व्यायाम म्हणजे पाणी. घाई न करणे म्हणजे राखण.

वाचा आणि सांगा

१. भरधाव धावताना मांडीमागचे स्नायू बैलासारखे कोणते काम करतात?
२. पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, ते का?
३. दुखणे थांबले तरी लगेच का धावू नये?
४. डिसेंबर २०२१ मध्ये दुखापत झाल्यावर रोहित शर्मा पुन्हा केव्हा खेळला?
५. पाचही पायऱ्यांची नावे क्रमाने लिहा आणि घरातल्या धावणाऱ्या मुलामुलींना वाचून दाखवा.