अक्षरं फुटली म्हणजे कोडच चुकला असं नाही

आडत दुकान असो, रसवंती असो की गणेश मंडळ, सरकत्या लाल अक्षरांची पाटी आता सगळ्यांनाच हवी असते. जालन्यात ती बनवणारी पोरं बहुधा आयटीआय नाहीतर पॉलिटेक्निकची. माझ्या टेबलावर पाटी येते ती बिघडल्यावर, आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं: "दादा, कोडमध्ये काहीतरी लोचा आहे." बऱ्याचदा कोडमध्ये काहीच नसतं.

मोसंबीच्या एका आडत्याची पाटी घ्या. चार पी-टेन पॅनल, मागे अर्डुइनो ऊनो, आणि त्यावर दिवसाचा भाव. मजकूर छोटा असेल तर नीट चालायची. मोठ्या जाड अक्षरांत भाव टाकला की मध्येच विझून पहिल्यापासून सुरू व्हायची. बनवणाऱ्याने लायब्ररी बदलली, सरकण्याचा वेग बदलला, शेवटी नवा अर्डुइनो आणला. मी मल्टिमीटर शेवटच्या पॅनलच्या टोकांवर धरला. पॉवर सप्लायपाशी ५ व्होल्ट, इथे साडेचारच्याही खाली. ठिबकच्या लांब नळीत टोकाच्या झाडाला पाणी कमी पोचतं, तसाच प्रकार. एका पॅनलवर ३२ गुणिले १६, म्हणजे ५१२ दिवे. अक्षर जाड झालं की एकाच वेळी पेटणारे दिवे वाढतात, करंट वाढतो आणि बारीक वायरीतच व्होल्टेज पडतं. त्यात अर्डुइनोचीही वीज त्याच शेवटच्या टोकावरून घेतलेली! मीटर सरासरी दाखवतो; क्षणभराची घसरण त्याहून खोल असते. प्रत्येक पॅनलला सप्लायपासून वेगळी जाड वायर दिली, अर्डुइनोची वायर थेट सप्लायवरून घेतली, पाटी चालू झाली. कोडची एक ओळही बदलली नाही.

मीटर जवळ नसेल तरी हे तपासता येतं. मजकूर काढून पाटीवर एकच ठिपका पेटवा आणि बाकी कोड तसाच चालू द्या. पाटी बंद पडायची थांबली तर संशय विजेवर. तरीही थोड्या थोड्या वेळाने पहिल्यापासून सुरू होत असेल तर मेमरी बघा. ऊनोची रॅम अवघी २०४८ बाइट. भाव, तारीख, दुकानाचं नाव असे तुकडे स्ट्रिंगने जोडत बसलात तर त्या रॅममध्ये भोकं पडतात आणि कधीतरी पुरेशी सलग जागा उरत नाही. ठरावीक लांबीचा कॅरॅक्टर ॲरे घ्या आणि मोकळे व्हा.

बिघाड कसा दिसतो याकडे नीट पाहायची सवय लावा, कारण तो कुठे आहे हे पाटीच सांगते. पी-टेनमध्ये ओळी चार गटांत आळीपाळीने पेटतात आणि कोणता गट पेटवायचा हे ए आणि बी या दोन तारा ठरवतात. अर्ध्या ओळी अंधारात आणि उरलेल्या ओळींत दुसऱ्याच ओळींचे ठिपके मिसळलेले दिसले, तर त्या दोनपैकी एक तार तुटली आहे किंवा रिबन केबल नीट बसलेली नाही. पहिलं पॅनल चोख आणि दुसऱ्यापासून पुढे कचरा, तर दोघांमधली केबल. मॅक्स ७२१९ चे छोटे आठ बाय आठचे ठोकळे वापरत असाल आणि प्रत्येक ठोकळ्यात अक्षर आडवं पडलेलं किंवा आरशातलं दिसत असेल, तर लायब्ररीत मॉड्यूलचा प्रकार चुकीचा निवडला आहे. एफसी-सोळा आणि जेनेरिक अशी नावं तिथे दिसतील, ती आलटून पालटून बघा. आणि पाटीला वेगळा सप्लाय, अर्डुइनोला लॅपटॉपची यूएसबी असं असेल तर दोघांचे ग्राउंड जोडलेत ना? हा प्रश्न मी दर वेळी विचारतो. उत्तर देण्याआधी माणूस वायरीकडे बघतो, तेव्हाच मला कळतं.

खरोखर कोडमधला असा एक बिघाड मला उन्हाळ्यातच भेटतो. पाऱ्याने चाळिशी ओलांडली की पाटीवर तापमान दाखवायची हौस येते, मग डीएचटी सेन्सर लागतो आणि पाटी ठरावीक अंतराने डोळा मारू लागते. या सेन्सरचे सिग्नल मायक्रोसेकंदांत मोजावे लागतात, म्हणून त्याची लायब्ररी तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवते. पी-टेनची पाटी पेटती राहते तीच टायमरच्या इंटरप्टवर. तापमान दोन सेकंदांनी वाचायची गरज नाही. मिनिटाला एकदा, मजकूर संपून पाटी कोरी असताना वाचा. डिलेचंही तसंच. डिले चालू असेपर्यंत मजकूर पुढे सरकत नाही. मिलिसने वेळ मोजा.

ईएसपी वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, आणि पाच व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसी मालिकेतल्या चिपला 'एक' ओळखायला ३.५ लागतात. टेबलावर चालतं, दुकानावर चढवलं की दगा देतं. मध्ये पाच व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी२४५ घाला. तिला दोन व्होल्ट पुरतात.

आता मराठीचं. इंग्रजी नमुना कोड चालतो म्हणून त्याच अवतरणचिन्हांत कोणी 'मोसंबी' लिहितं आणि पाटीवर किडेमुंग्या धावतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'मोसंबी' म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट. लायब्ररी एकेक बाइट उचलून इंग्रजी फॉन्टमध्ये त्याचं अक्षर शोधते. नुसता मराठी फॉन्ट घालूनही भागत नाही. 'जिल्हा' शब्दात वेलांटी साठवली जाते 'ज'च्या नंतर आणि दिसायला हवी आधी. पुढे 'ल्हा'चं जोडाक्षर आहेच. संगणक, मोबाईल हे काम आपल्या नकळत करतात, ऊनो करत नाही.

माझा रस्ता सरळ आहे. ठरलेला मजकूर संगणकावर सोळा ठिपके उंचीत रंगवायचा, त्याचं चित्र बाइटमध्ये बदलायचं आणि प्रोग्मेममध्ये ठेवायचं. तीनशे ठिपके रुंदीच्या मजकुराला सहाशे बाइट लागतात, आणि ऊनोच्या ३२ केबी फ्लॅशला ते जड नाहीत. मात्र प्रोग्मेम हा शब्द विसरलात, नुसतं कॉन्स्ट लिहिलंत, तर तेच सहाशे बाइट रॅममध्ये जाऊन बसतात. भाव रोज बदलतो, म्हणून शून्य ते नऊ आकड्यांची चित्रं सुटी ठेवा. आकडे एकमेकांना जोडले जात नाहीत, ही मोठीच सोय आहे. आठ ठिपके उंचीच्या पट्टीवर मराठीचा हट्ट धरू नका. शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार एवढ्याशा जागेत मावत नाहीत. मावले तरी रस्त्यावरून वाचता येत नाहीत.

पाटी दुरुस्तीला आणताना कोडची फाइल, सप्लाय आणि जागेवरच्याच वायरी सोबत आणा. घरची वेगळी जाड वायर लावून आणलीत तर बिघाड दिसणारच नाही. आधी मोबाईलवर व्हिडिओ काढा. त्यात सरकणारे काळे पट्टे दिसले तर घाबरू नका, ओळी आळीपाळीने पेटत असल्यामुळे कॅमेऱ्याला ते दिसतात. डोळ्यांना जे दिसतं, ते कागदावर लिहून आणा.