कोंडा घरचा, खाद्य कोणतं?

प्रश्न : शेततळ्यात रोहू, कटला सोडलेत. भातगिरणीचा कोंडा घरचाच आहे. खाद्य बनवायला शिकावं का?
– एक शेतकरी, मुरबाड

उत्तर : शिकाच, यंत्राची घाई मात्र नको. कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात, हे जुनं मिश्रण मातीच्या तळ्यात चालतं, कारण तिथे शेणखतावर प्लवंग वाढतात आणि प्रथिनांची उणीव भरून निघते. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात हा आधार तुटपुंजा असतो. तिथे २५ ते ३० टक्के प्रथिनांचं खाद्य द्या. कोंडा ताजाच वापरा, तो लवकर खवट होतो. रोजचं खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या २-३ टक्के पुरे. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढत असतील, तर त्या दिवशी खाद्य बंद! प्रशिक्षणासाठी वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत चौकशी करा.