जाहिरातीतला गवाह आणि दुकानातला माल

ज्याने घटना पाहिली नाही, त्याची गवाही कोणी मानत नाही. जाहिरात हीसुद्धा एक प्रकारची गवाहीच आहे. टीव्हीच्या पडद्यावर एखादा नट किंवा खेळाडू वस्तू हातात धरतो, तेव्हा तो गिऱ्हाइकाला जणू सांगत असतो की हा माल मी जाणतो, माझ्या भरवशावर घ्या. म्हणून व्यापाऱ्याने पहिला प्रश्न "चेहरा किती मोठा?" असा विचारू नये. "ह्या माणसाचा ह्या मालाशी संबंध काय?" हा खरा प्रश्न आहे. ह्या एका प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्या तरल्या आणि बुडाल्याही आहेत. त्यांचा तजुर्बा आपल्यासारख्या लहान दुकानदारांना व कारागिरांना फुकट मिळतो आहे, तो घ्यावा.

जुळलेले चेहरे

१९८०च्या दशकात स्वस्त निरमा पावडरीने सर्फचा बाजार खाल्ला. तेव्हा हिंदुस्थान लिव्हरने कोणी प्रसिद्ध नटी आणली नाही. जाहिरातकार अलिक पदमसी यांनी 'ललिताजी' नावाची एक गृहिणी उभी केली. ही भूमिका कविता चौधरी यांनी केली. त्या पुढे 'उडान' मालिकेमुळे घरोघरी माहीत झाल्या. ललिताजी भाजी पारखून घेते, पैशाचा हिशेब ठेवते आणि स्वस्त व चांगले यांतला फरक जाणते. गिऱ्हाइकाला ती आपल्याच मोहल्ल्यातली वाटली. कपडे धुण्याच्या पावडरीबद्दल बोलण्याचा तिला हक्क होता.

दुसरे उदाहरण उस्ताद झाकिर हुसेन यांचे. ताजमहाल चहाच्या जाहिरातीत ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस आले आणि पुढे वर्षानुवर्षे दिसत राहिले. त्यांचे निधन १५ डिसेंबर २०२४ रोजी झाले, तरी आजही चहाचे नाव निघाले की लोकांना तबला आठवतो. तबल्यातील सफाई रोजच्या रियाजाने येते, चहाच्या मिश्रणाची चव पारखणाऱ्याच्या सरावाने येते. उस्ताद व चहा यांना जोडणारी ही गोष्ट पाहणाऱ्याला कोणी समजावून सांगावी लागली नाही.

न जुळलेले चेहरे

आता उलट बाजू पाहू. मारुती कंपनीने २००१ साली 'व्हर्सा' ही गाडी बाजारात आणली आणि जाहिरातीसाठी अमिताभ व अभिषेक बच्चन या बापलेकांना एकत्र घेतले. एवढ्या मोठ्या माणसाची गाडी म्हणून लोकांनी मनात मोठे चित्र उभे केले. प्रत्यक्षात शोरूममध्ये उंच व्हॅन उभी होती आणि तिची किंमत ओम्नीपेक्षा बरीच जास्त होती. लोकांना बच्चन आठवले, पण गाडी फारशी खपली नाही. पुढे २०१० साली कंपनीने त्याच सांगाड्यावर, सोयी कमी करून व किंमत उतरवून 'ईको' आणली. तिच्या मागे बच्चन बापलेक नव्हते. आज आपल्या भागात मालाची ने-आण करणाऱ्यांकडे व प्रवासी वाहतुकीत ईको सर्रास दिसते. व्हर्साला नडली ती किंमत, आणि मोठा चेहरा तिला वाचवू शकला नाही.

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जेम्स बाँडची भूमिका गाजवलेले परदेशी नट पिअर्स ब्रॉस्नन हातात 'पान बहार'चा डबा घेऊन आपल्या टीव्हीवर व वर्तमानपत्रांत झळकले. ब्रिटिश गुप्तहेर आणि पान मसाला यांचा काय संबंध, म्हणून देशभर हसे झाले. तंबाखू त्यात नसल्याचे कंपनीने सांगितले. परंतु ब्रॉस्नन यांनी जाहीर केले की आपल्याला ही वस्तू तोंडाचा वास घालवणारी व दात उजळणारी म्हणून सांगण्यात आली होती. त्यांची पहिली पत्नी व मुलगी दोघींनाही कर्करोगाने नेले होते. त्यांनी माफी मागितली. गवाहच उलटला की खटल्याचे काय होते, हे सांगायला नको.

एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांच्याबाबत हेच घडले. पहाटे उठणारा, व्यायाम करणारा, व्यसनापासून दूर राहणारा नट अशी त्यांची ओळख. ते 'विमल इलायची'च्या जाहिरातीत दिसताच त्यांच्याच चाहत्यांनी जाब विचारला. त्यांनी माफी मागून माघार घेतली. (कापडवाल्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आपल्या ओळखीचे 'विमल' सूटिंग वेगळे आणि हे वेगळे.)

ज्यांनी नकार दिला

काही माणसांनी गवाही देण्याआधीच विचार केला. २००१ साली ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पुलेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात नाकारली. दक्षिण आफ्रिकेचे फलंदाज हाशिम अमला यांनी संघाच्या पुरस्कर्त्या बिअर कंपनीचे चिन्ह अंगावर घालण्यास नकार दिला आणि मंडळाने तो मान्य केला. त्यांचा खेळ अडला नाही, इज्जत मात्र वाढली. रिज्क देणारा अल्लाह आहे, एवढे पक्के असले की असा नकार देता येतो.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला तसेच जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तसेच केल्यास तो ५० लाखांपर्यंत जातो. अशा व्यक्तीवर जाहिराती करण्यास एक वर्षापर्यंत व नंतर तीन वर्षांपर्यंत बंदीही घालता येते. जून २०२२च्या नियमांनी स्पष्ट केले की शिफारस करणाऱ्याचे मत प्रामाणिक असावे आणि ते पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेले असावे. म्हणजे गवाहाला घटना माहीत हवी, हे जुने तत्त्व आता कायद्यातही आले.

दुसरी बाब आपल्या अगदी दारातली आहे. आपल्या गावांतून लग्नसराईत पुष्कळ दुकानांच्या फ्लेक्सवर व पिशव्यांवर नटनट्यांची छायाचित्रे दिसतात. ती मोबाइलवरून उतरवून घेतलेली असतात, त्या नटाला पत्ताही नसतो. मुझफ्फरनगरच्या एका सराफाने तनिष्कसाठी केलेली अमिताभ व जया बच्चन यांची जाहिरात आपल्या फलकावर लावली होती. हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ साली निकाल सराफाच्या विरुद्ध लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने अमिताभ बच्चन यांचे नाव, चेहरा व आवाज विनापरवानगी वापरण्यास मनाई केली. तेव्हा छपाईवाल्याने "सगळेच लावतात" म्हटले तरी भुलू नये. न आलेल्या माणसाची गवाही लिहून घेणे ही खोटी गवाहीच आहे.

आपण काय करावे

कापडाच्या धंद्याचेच पाहा. सुनील गावसकर दिनेश सूटिंगच्या आणि व्हिव्ह रिचर्ड्स विमलच्या जाहिरातीत आले. पण रेमंडने १९९०च्या दशकात पडद्यावरच्या ताऱ्यांपेक्षा साधे बाप, पती, शिक्षक दाखवले, आणि त्या जाहिराती लोकांना घरच्या वाटल्या. आपल्या शेजारी इचलकरंजीच्या मागांवर विणलेला ताका आपल्याकडचे गिऱ्हाईक बोटांनी चोळून, उजेडात धरून पाहते. पोत, पन्हा आणि रंगाचा पक्केपणा यांची खात्री कोणताही नट देऊ शकत नाही.

म्हणून केबलवर, फ्लेक्सवर किंवा मोबाइलवर जाहिरात देण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१. ह्या माणसाने माझा माल वापरला आहे काय? नसेल तर आधी वापरायला द्यावा.

२. चेहरा झाकला तर जाहिरातीत मालाबद्दल काही उरते काय? भाव, दर्जा, बदलून देण्याची हमी यांपैकी काहीच उरत नसेल, तर पैसा वाया गेला.

३. ह्या माणसाची राहणी आणि माझा माल एकमेकांविरुद्ध तर जात नाहीत ना?

४. त्याची लेखी परवानगी घेतली आहे काय? मोबदला ठरला असेल तर तो लपवलेला तर नाही ना?

शिरोळसारख्या गावात दहा वर्षे आपल्याकडून कापड नेणारा शिंपी, पाहुण्यांना घेऊन येणारी गिऱ्हाईक बाई, आपल्या हातची चप्पल झिजेपर्यंत घालणारा शेतकरी, हेच आपले गवाह आहेत. त्यांच्या परवानगीने त्यांचे दोन खरे शब्द सांगावेत. त्यासाठी लाखांचा खर्च येत नाही.

हदीसमध्ये बाजारातील धान्याच्या ढिगाचा प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यांपैकी नाही, अशी ताकीद दिली. मालाशी न जुळणारा मोठा चेहरा हे वर पसरलेले कोरडे धान्यच आहे. गिऱ्हाईक आज ना उद्या ढिगात हात घालणारच. तेव्हा आतले धान्य कोरडे ठेवण्यावर खर्च करावा, त्यातच बरकत आहे.